पाचव्या महिन्यातलं नाव

धोंडाबाईंनी पिशवीतून पाच झबली, दोन टोपरी आणि एक दुपटं काढून टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "समद्यांवर शौर्य टाक. निळ्यात." शीलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घोडेगावच्या एसटी स्टँडमागच्या तिच्या भरतकामाच्या गाळ्यात दिवसाला दोघं-तिघं तरी असं नाव घेऊन यायची. बारशापर्यंत गुपित ठेवायचं म्हणून चिठ्ठीवर लिहून आणायची आणि चिठ्ठी देताना उगीचच इकडेतिकडे बघायची. ती नाव कॉम्प्युटरवर बसवायची, झबलं फ्रेममध्ये ताणायची, तेही बेतानं, कारण होजिअरीचं कापड जास्त ताणलं की सुटल्यावर अक्षरं चुरमडतात. मग बटण दाबलं की मशीन आपलं आपण टाके घालत जाई. शेवटी उलट्या बाजूनं ती मलमलीचा एक तुकडा चिकटवायची. समोरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी आतून दोऱ्याच्या गाठी राहतात आणि बाळाच्या छातीला टोचतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच शोधलं होतं. धोंडाबाई, तिच्या सासूबाई, बोरीहून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून घोडेगाव अशा तीन गाड्या बदलून आल्या होत्या. पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवत शीलानं विचारलं, "कुणाची ऑर्डर आणली, आत्याबाई?"

"ऑर्डर कशाची गं? आपल्या श्रेयाच्या बाळाची."

श्रेया म्हणजे शीलाची धाकटी जाऊ, दीर ऋतिकची बायको. तिला नुकताच पाचवा लागला होता. शीलाच्या हातात निळं रीळ होतं ते तसंच राहिलं. बाळ व्हायच्या आधी नवं कापड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हे तिला याच बाईनं शिकवलं होतं. समृद्धीच्या वेळी शीलाची आई नवव्या महिन्यात दोन टोपरी घेऊन आली तर धोंडाबाईंनी ती दारातूनच परत पाठवली होती. आई एसटीत बसेपर्यंत ती टोपरी पदराखाली लपवून उभी होती. पहिले बारा दिवस समृद्धी जुन्या लुगड्याच्या फडक्यात होती. आणि आता नाव. पोटातल्या पोराला नाव.

"आत्ताच?" शीला म्हणाली.

"फोटू काढायचेत म्हणं तिला, येडगावच्या धरणावर. आजकालच्या पोरींचं असतंय काय काय. ही कापडं पोटापाशी धरून फोटू काढत्यात. मी म्हणलं काढ बाय, हौस हाय तर."

"आणि मुलगी झाली तर?"

धोंडाबाईंनी तांब्या तोंडाला लावला, वरून घटाघटा पाणी प्यायल्या, तोंड पुसलं. गाळ्यात तिसरं माणूस नव्हतं तरी पुढं वाकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की शीलाला क्षणभर त्यांच्या तरुणपणाची ओळख पटली. "न्हाई व्हत," त्या म्हणाल्या. "सोमवार हाय."

शीलाच्या कानात काहीतरी बंद झालं. बाहेर भीमाशंकरची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, त्याचं तोंड हलताना दिसत होतं. सोमवार. आठ वर्षांपूर्वी समृद्धी चार वर्षांची होती आणि शीलाच्या पोटात चार महिन्यांचं होतं, तेव्हा आळेफाट्याच्या पुढं हमरस्ता सोडून जीप आत वळली होती. पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमागं एक खोली होती. तिथला माणूस बारीक, स्वच्छ, इस्त्रीच्या शर्टातला. आत येताना त्यानं चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, हे तिला अजून आठवत होतं आणि का कोण जाणे, त्याचाच सर्वात जास्त राग येत होता. देवळात आल्यासारखा तो अनवाणी आला, तिच्या पोटावर गार काहीतरी चोळलं, बॅगेतून काढलेलं मशीन फिरवलं आणि तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला, भरतला, म्हणाला, "शुक्रवारी या." परतताना जीपमध्ये तिनं विचारलं होतं, शुक्रवारी परत यायचं का? भरत खिडकीबाहेर बघत राहिला. धोंडाबाईंनी जीप थांबवायला लावली आणि तिला उसाचा रस पाजला. ग्लास अर्धा झाला तेव्हा तिला कळलं. सोमवार म्हणजे मुलगा, शुक्रवार म्हणजे मुलगी. नेणाऱ्यांना ठाऊक असतं, बाईला कोणी सांगत नाही. कळलं, आणि तरी तिनं उरलेला अर्धा ग्लास संपवला. तहान लागली होती. आठ वर्षं ती त्या अर्ध्या ग्लासाला माफ करू शकली नव्हती. तो फेकला असता तर काही झालं नसतं, शुक्रवार शुक्रवारच राहिला असता, पण फेकला असता.

शुक्रवारी गोळ्या, आणि मग कुठल्याशा गावात कोणा बाईकडे. लोखंडी पलंग, भिंतीवर जुनं कॅलेंडर. पलंगाखाली पांढरं तसराळं, त्यावर वर्तमानपत्र. "बघू नको बाय," ती बाई म्हणाली होती, अगदी मायेनं, "बघितलं की डोळ्यापुढनं जात न्हाई." शीलानं भिंतीकडे तोंड केलं. सांगितलं तसं केलं. गावात सगळ्यांना सांगितलं की पडलं. आयाबाया भेटायला आल्या तेव्हा धोंडाबाई त्यांच्यापुढं म्हणाल्या, "आईकती कुठं? नको नको म्हणताना पाण्याचा हंडा उचलला," आणि आयाबाया शीलाकडे वळून म्हणाल्या, जपायचं व्हतं गं. तिनं मान खाली घालून होय म्हटलं. त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत. दोन वर्षं वाट बघून घरातल्यांनी वाट बघणं सोडलं, भरतला घोडेगावात ठिबक सिंचनाच्या दुकानात काम मिळालं, आणि एके दिवशी त्यानं टेम्पोतून हे बारा सुयांचं मशीन आणून उतरवलं. "तुझं मन रमंल," तो म्हणाला. तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं. मनही रमलं. इतकं रमलं की आता सासू तिच्यापुढे बसून सोमवार म्हणत होती, हसत होती आणि ज्या सुनेनं शुक्रवार भोगला तिच्याकडूनच सोमवारचं नाव काढून घ्यायला तीन गाड्या बदलून आली होती. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, हे शीलाला दिसत होतं. दुष्टपणा असता तर शीलाला तोंड उघडता आलं असतं. धोंडाबाई विसरल्या होत्या. शुक्रवार त्यांच्या लेखी नव्हताच.

"गुरुवारपर्यंत दे," त्या उठत म्हणाल्या. "आन् अक्षरं जरा मोठी काढ, फोटूत दिसली पायजेत."

संध्याकाळी भरत आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. समृद्धी आतल्या खोलीत मोठ्यानं इतिहास वाचत होती. शीलानं भाकरी वाढली आणि म्हणाली, "श्रेयाला तिथंच नेलं होतं का?"

भरतनं कुठं म्हणून विचारलं नाही. त्यावरूनच तिला निम्मं कळलं. "ऋतिक मागं लागला," तो म्हणाला. "मी नुसता नंबर दिला."

"तुमच्याकडं नंबर आहे त्याचा?"

"व्हता पडलेला."

"आठ वर्षं? तीन फोन बदलले तुम्ही. माझ्या मामांचा नंबर गेला तुमच्या फोनमधून, आईच्या तेराव्याला त्यांना फोन लावायला निघाला नाही. आणि याचा राहिला? कोणत्या नावानं आहे?"

भरत भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून धरून बसला. माणूस वाईट नव्हता. समृद्धीला सायकल शिकवताना तिच्यामागं दोन-दोन किलोमीटर पळायचा. "इंजिनिअर म्हणून," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "हळू बोल, पोरगी आईकंल."

ऐकू दे, असं शीलाच्या ओठांवर आलं होतं. आत समृद्धी वाचायची थांबली होती. ती आता बारा वर्षांची होती. तिला बहीण हवी होती, भाऊ हवा होता, काहीही चाललं असतं, असं ती लहानपणी म्हणायची. आता म्हणत नसे. शीला उठली आणि तवा घासत बसली. तव्याचा काळा थर निघेपर्यंत घासला, निघाल्यावरही घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं झबली घेतली. राग आला की हात बिघडतो म्हणतात. तिचा बिघडला नाही. शौर्य, शौर्य, शौर्य. रफार नेमका बसला, अक्षरांच्या कडा भरीव आल्या, एक टाका सुटला नाही, आणि आपल्या हातांच्या या आज्ञाधारकपणाचा तिला इतका संताप आला की मशीन बंद करून ती गाळ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तहसील कचेरीकडून माणसं कागद हातात धरून येत होती. सगळ्यांची काही ना काही तक्रार होती आणि ती लिहून द्यायची जागा त्यांना माहीत होती. आपण कुठं आणि काय लिहून देणार? मी रस प्यायले, म्हणून? ती आत आली. मलमलीचे तुकडे कापून ठेवले होते. लावायचेच नाहीत, असं तिनं ठरवलं. टोचू दे. रडू दे रात्रंदिवस, आणि का रडतंय ते कोणाला कळू नये. मग तिला स्वतःचीच शिसारी आली. त्या बाळानं काय केलं होतं? ते पोटात पाय हलवत असेल, त्याला वारसुद्धा ठाऊक नसतील. तिनं एकेक तुकडा लावला, कडा बोटानं दाबून बघितल्या.

गुरुवारी ती स्वतःच येडगावला गेली. श्रेया धरणाच्या पाण्याकाठी लांबलचक पांढऱ्या गाऊनमध्ये उभी होती, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट, आणि फोटोग्राफर गुडघ्यावर बसून तिला पाण्याकडं बघायला सांगत होता. ऋतिक गाडीला टेकून फोनवर बोलत होता. श्रेया बी.कॉम. झालेली, लग्नाआधी मंचरला बँकेत कामाला होती. ही पोरगी आपल्यासारखी नाही, असं शीलाला पहिल्या दिवसापासून वाटलं होतं आणि त्याचा थोडा आधारही वाटला होता. कपडे बदलायला दोघी गाडीत बसल्या तेव्हा श्रेयानं झबलं उलगडलं, नावावरून बोट फिरवलं. "किती सुंदर झालंय, ताई."

"तुला माहीत होतं कुठं नेतायत ते?"

श्रेया मुकुट काढून त्यातली केसांत अडकलेली तार सोडवू लागली. "माहीत होतं."

"आणि त्यानं शुक्रवार सांगितला असता तर?"

"सांगितला नाही ना, ताई."

"सांगितला असता तर?"

"ताई, प्लीज." तिचा आवाज बारीक झाला. "मी पाच दिवस जेवले नव्हते तो सोमवार कळेपर्यंत. आता कुठं बरं वाटतंय. तुम्हाला विचारलं होतं का कोणी? तुम्ही काय म्हणाला होता?"

बाहेर फोटोग्राफर काच वाजवून उन्हं उतरायच्या आत या म्हणत होता. या पोरीला गदागदा हलवावं, की जवळ घ्यावं, तिला कळेना, आणि तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. गाऊनची मागची नाडी बांधून दिली. श्रेयानं ती झबली पोटापाशी धरली. त्या फोटोंखाली गावातल्या सत्तर जणांनी हृदयं टाकली. कुणीही विचारलं नाही की नाव कसं काय ठरलं.

नंतरचे चार महिने राग शीलाबरोबर राहिला. तो आता उसळत नव्हता. दाढ दुखत असावी आणि तिच्याच बाजूनं जेवावं लागावं तसा होता. भरतशी ती कामापुरतं बोले. बारशाच्या ऑर्डरी येत, ती नावं काढी. मुलीचं नाव असलं की आधी नाव आणि मग आईचा चेहरा बघे. दोनदा तिनं तो नंबर घ्यायला भरतचा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. आपण तक्रार केली तर श्रेयालाही ओढतील, पोटातल्या बाळासकट. मग बाळ होऊ दे. मग? मग समृद्धीला कोणीतरी शाळेत सांगेल. प्रत्येक वेळी एक नवं कारण सापडे आणि प्रत्येक कारण खरं असे.

श्रेयाला नारायणगावच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. शीला आणि भरत पोचले तोवर धोंडाबाई खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत ती झबली. त्यांच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती, इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही. ऋतिकनं पेढे सांगून ठेवले होते. दीडच्या सुमाराला नर्स दारात आली, म्हणाली, "मुलगी झाली. बाळ-बाळंतीण छान आहेत," आणि कोणीच काही बोललं नाही तेव्हा पुन्हा म्हणाली, "तीन किलोची आहे."

"मुलगी?" ऋतिक म्हणाला. "नीट बघा की ओ." नर्सनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती आत गेली. ऋतिकनं फोन काढला, कुणाला तरी लावला, पुन्हा लावला, शिवी देत जिन्यानं खाली उतरून गेला. दार उघडंच होतं. आतून बाळाचं रडणं येत होतं, खणखणीत, दमदार. शीलाला आनंद झाला. इतका आडदांड, इतका निर्दय आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. फसवलं! त्या चपला काढून आत येणाऱ्यानं फसवलं, आणि या फसवणुकीच्या फटीतून एक पोरगी सुखरूप बाहेर आली, आता कोणाचा बाप तिला परत पाठवू शकत नाही. ती हसूसुद्धा लागली असती. पण तेवढ्यात तिचं लक्ष धोंडाबाईंकडे गेलं.

धोंडाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. ओठ हलत होते. काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत होतं, आणि ते काय आहे हे शीलाला त्यांच्या एक क्षण आधी कळलं. त्यांनी मान वळवली, शीलाचा हात धरला.

"शीले," त्या म्हणाल्या. "मंग तुझं व्हतं ते..."

त्यांनी शीलाचा हात आणखी घट्ट धरला. "त्याला कळतच नव्हतं म्हणायचं. मंग तुझं व्हतं ते पोर... अगं, माझा नातू व्हता का गं तो?" आणि त्या रडू लागल्या. पदर तोंडात कोंबून, मागंपुढं डुलत, मयताला रडतात तशा रडू लागल्या. माझा नातू, माझ्या हातानं, माझ्या हातानं. शीलानं भरतकडं पाहिलं. तो भिंतीला टेकला होता, तोंड पांढरं पडलं होतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते. आठ वर्षांत, त्या पलंगावरून उठवून जीपमध्ये बसवताना, आयाबायांनी बोल लावताना, एकदाही न भरलेले डोळे. तो आज आपल्या मुलासाठी रडत होता. आठ वर्षं शीला वाट बघत होती की या घरातलं कोणीतरी, एकदा तरी, त्या वर्तमानपत्राखाली जे होतं त्याच्यासाठी रडेल. आज दोघंही रडत होती, आणि तिला वाटलं की या दोघांना या बाकावरच जाळून टाकावं.

"मुलगी व्हती," ती म्हणाली.

धोंडाबाईंनी वर पाहिलं.

"मुलगीच व्हती. मी बघितली व्हती तिला. त्या बाईनं नको म्हणलं तरी बघितली. रडायचं असंल तर तिच्यासाठी रडा."

"नक्की?"

"नक्की."

धोंडाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हुंदका एकदा आला, मग अर्ध्यात थांबला. त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले, नाक पुसलं, आणि शीलाच्या हातावर थोपटलं, अगदी मायेनं, धीर द्यावा तसं. "मंग जाऊ दे," त्या म्हणाल्या. भरतनंही श्वास सोडला. तो तिला ऐकू आला.

शीलानं हात सोडवून घेतला. "फोन द्या तुमचा," ती भरतला म्हणाली. त्यानं दिला. तिनं इंजिनिअर शोधला, नंबर स्वतःच्या फोनवर पाठवला, त्याच्यासमोर, घाई न करता. "काय करणार हायेस?" त्यानं विचारलं. "कळवणार. जिथं कळवायचं असतं तिथं. शेडपण दाखवणार. तुमचं नाव सांगणार, ह्यांचं सांगणार, ऋतिकचं सांगणार, आणि माझं सांगणार." "शीला, घर हाय आपलं," तो म्हणाला. तिनं त्याचा फोन त्याच्या हातात ठेवला आणि आत गेली.

श्रेया कुशीवर होती, केस कपाळाला चिकटलेले, शेजारी हिरव्या फडक्यात गुंडाळलेली मुलगी आता गप्प झाली होती. श्रेया जागी होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. शीला स्टुलावर बसली. बाळानं एक जांभई दिली, एवढ्याशा तोंडाची केवढी मोठी.

"ताई," श्रेया म्हणाली, "कशी होती ती?"

आठ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शीलानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नाक असं होतं, हात असे होते, असलं काहीतरी. बाहेर ती किती सहज खोटं बोलली होती. इथं तिच्याच्यानं होईना.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "मी तोंड फिरवलं होतं."